मागच्या ब्रेकचा बोल्ट

सरांचा विषय निघाला की मी चहा ठेवायला उठतो. एनिस नावाच्या या परदेशी गावातल्या आमच्या मराठी मंडळींत हा विषय अधूनमधून निघतोच, गणपतीत नाहीतर कोणाकडे जेवायला जमलो की. कोणीतरी सरांच्या हेल्मेटची गोष्ट सांगतं, सगळे हसतात, आणि मग कोणीतरी हमखास म्हणतं, "पण काकांनी ती गाडी अडवली हे फार बरं केलं. नाहीतर काय होऊन बसलं असतं." सगळे माझ्याकडे बघतात. घर दुसऱ्याचं असलं तरी मी विचारतो, "चहा कोणाकोणाला?" आणि आत जातो. लोकांना वाटतं, म्हाताऱ्याला चहाची फार आवड.

आमच्या घरी चहाचा डबा प्रेसमध्ये असतो. इथे कपाटाला प्रेस म्हणतात, आता आम्हीही म्हणतो. त्या डब्यामागे प्लास्टिकच्या छोट्या पिशवीत एक बोल्ट आहे. सूनबाईने एकदोनदा विचारलं, "बाबा, हे टाकून देऊ का?" मी म्हटलं, असू दे. तिने पुढे विचारलं नाही. या घरात कोणी फार विचारत नाही, आणि इतकी वर्षं मलाही ते सोयीचंच झालं.

आता सांगून टाकतो. ती मोटरसायकल धोकादायक नव्हती. सरांनी तिच्यावर केलेलं काम कच्चं नव्हतं. आणि त्यांच्या मुलीने वडिलांना अडवलं, असं जे मागून बोललं जातं, तेही खरं नाही. पण आधी सर कोण होते ते सांगायला हवं.

सर कोल्हापूरचे. तिथल्या एका शाळेत त्यांनी भूगोल शिकवला आणि निवृत्त झाले. बायको गेल्यावर मुलगी त्यांना काही महिन्यांसाठी म्हणून इकडे घेऊन आली, आणि लगेचच २०२० चं ते सगळं सुरू झालं. विमानं बंद. सत्तरीच्या पुढच्यांनी घराबाहेर पडायचं नाही असा नियम झाला. मीही सत्तरी ओलांडलेली, मीही बायको गेल्यावरच इकडे आलेलो. पण तोवर आमची ओळख नव्हती. व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर मी कधीतरी लिहिलं होतं की पिंपरीच्या एका दुचाकीच्या कारखान्यात मी शेवटच्या तपासणीला होतो. तेवढं वाचून मे महिन्यात, नियम जरा सैल झाल्यावर, हा माणूस आमच्या दारासमोरच्या गवतात येऊन उभा राहिला. अंगात मुलीचा गुलाबी रेनकोट, पायांत लोकरीचे मोजे आणि त्यावर कोल्हापुरी चपला.

"ओ पुणेकर, ब्रेक कळतात काय तुम्हाला?"

"कळतात म्हणजे?"

"म्हणजे बघून सांगता येतंय काय, गाडी थांबणार का न्हाई ते?"

"येतं. आणि मी पुणेकर नाही, चिंचवडचा आहे."

"कोल्हापुरातनं बघितलं की ते सगळं पुणंच दिसतंय. चला, बूट घाला."

अनोळखी माणसाने दारात येऊन मला काही करायला सांगितलं, याला किती महिने झाले होते मला आठवेना. मी बूट घातले.

आमच्या वसाहतीच्या मागे टॉम नावाच्या शेतकऱ्याचं शेत आहे. सर त्याच्याकडे अंडी आणायला जात, आणि तिथे शेडमध्ये ताडपत्रीखाली त्यांना ती मोटरसायकल सापडली होती. पन्नासच्या दशकातली, एका सिलिंडरची, इंग्लंडमध्ये बनलेली. टॉमच्या भावाने ती कुठूनतरी भंगारातून आणून नव्यासारखी केली होती. काळा रंग, टाकीवर हाताने ओढलेली सोनेरी रेघ, आरशासारखा क्रोम. मग तो भाऊ वारला आणि गाडी तशीच उभी राहिली. टॉम तिच्या टायरला बुटाचं टोक मारून म्हणाला, "शी'ज ग्रँड." ग्रँड म्हणजे इथल्या बोलीत ठीकठाक, आणि टॉमच्या लेखी सगळंच ग्रँड असायचं. गाय लंगडत असली तरी ग्रँड, छप्पर गळत असलं तरी ग्रँड.

मी गुडघ्यावर बसलो आणि बघायला लागलो. गाडी फोटोसाठी उत्तम होती, रस्त्यासाठी नाही. टायरची नक्षी पूर्ण होती, पण रबर उभं राहून राहून लाकडासारखं झालेलं. ब्रेकच्या लायनरवर काचेसारखी चकाकी चढलेली. पुढच्या ब्रेकची केबल बाहेरून नवी दिसत होती, पण लिव्हरपाशी, जिथे कोणी बघत नाही तिथे, आतल्या तारा तुटत आल्या होत्या. मी पान्याने चाकाचा एकेक स्पोक वाजवला. काही खणकन वाजले, काही बद्द.

"बद्द वाजतात ते ढिले," मी म्हणालो.

"वर्गात पण असंच असतंय," सर म्हणाले. "मग, नापास काय?"

"नापास."

ते इतके खूश झाले की मला कळेना. "हेच पाहिजे होतं. हा टॉम सगळ्याला ग्रँड म्हणतोय, अशा माणसाच्या शब्दावर घाट उतरायचा कसा?"

इथे मोटरसायकलला सरकारी तपासणी नाही. मोटारींना आहे, मोटरसायकलला कोणी बघत नाही. सरांनी ते शोधून काढलं होतं आणि त्यांना ते अजिबात पसंत नव्हतं. म्हणून त्यांनी मलाच नेमलं. मी पास म्हणेपर्यंत गाडी टॉमच्या फाटकाबाहेर जाणार नाही, असं त्यांनी टॉमला माझ्यादेखत सांगितलं. मुलीकरवी त्यांनी टॉमच्या विम्यात आपलं नावही घालून घेतलं. त्यांना जायचं होतं लाहिंचला, समुद्रावर. एकदाच, एकट्याने.

तो रस्ता त्यांनी शेडच्या भिंतीवर खडूने काढला होता. एनिसहून आयना, आयनाहून एनिस्टायमन, तिथला धबधब्यासारखा उतरणारा ओढा, मग चढ, आणि चढ संपला की समुद्र. कुठे वळण डावं, कुठे शेणाने रस्ता निसरडा असण्याची शक्यता, कुठे वारा आडवा लागेल, सगळं बाण काढून दाखवलेलं. मुलीच्या मोटारीतून ते या रस्त्याने गेलेले होते, पण ते त्यांनी धरलंच नव्हतं. "काचेतनं बघितलेला देश म्हणजे टीव्ही," असं म्हणायचे.

हेल्मेटची गोष्ट खरी आहे. गाडी व्हायला वेळ आहे, तोवर मानेला सवय व्हावी म्हणून त्यांनी हेल्मेट मागवलं आणि घालूनच वावरायला लागले. कांदा चिरताना हेल्मेट. कोल्हापूरच्या बहिणीशी व्हिडिओवर बोलताना हेल्मेट. दुकानात मास्क सक्तीचा झाल्यावर ते हेल्मेटची काच खाली ओढून आत शिरले आणि दारावरच्या माणसाने काढा म्हटल्यावर त्याला म्हणाले, "युवर मास्क इज ओन्ली क्लॉथ." एकदा फिरायला निघालेले असताना गार्डाने, म्हणजे इथल्या पोलिसाने, त्यांना थांबवून विचारलं, मोटरसायकल कुठे आहे. सर शांतपणे म्हणाले, "इन प्रिपरेशन."

त्यांचे काही नियम होते. गाडीला नाव ठेवायचं नाही. नाव ठेवलं की माणूस तिच्या चुका माफ करायला लागतो. शेडमध्ये बसून खायचं नाही, उभ्यानेच खायचं. आणि सगळ्यात मोठा नियम: ब्रेक होईपर्यंत इंजिन सुरू करायचं नाही. "आधी थांबायचं बघा, मग निघायचं." टॉम कुरकुरायचा. त्याला भावाच्या इंजिनाचा आवाज ऐकायचा होता. सर त्याला विद्यार्थ्याला सांगावं तसं सांगत, "वेट, टॉम. फर्स्ट ब्रेक."

उन्हाळा त्यातच गेला. टायर आले, केबल आली, लायनर आले. दुकानं बंद, पोस्ट मंद. मी घासकागदाने ड्रम साफ करायचो, सर जुन्या टूथब्रशने साखळी. चाकं एका रेषेत आहेत का बघायला आम्ही दोन्ही बाजूंनी सुतळी ताणली, तेव्हा त्यांनी एक टोक धरून विचारलं, "पुणेकर, कारखान्यात रोज किती गाड्या नापास करायचा?"

"रोज काही ना काही असायच्याच."

"लोक शिव्या देत असतील."

"लाइनवरचे द्यायचे. म्हणायचे, साहेबांना घरी कोणी विचारत नाही म्हणून इथे माज करतात."

सर मोठ्याने हसले. मीही हसलो. ते लोक अगदी चुकीचं म्हणत होते असं नाही.

कारखान्यात आम्ही नट आवळला की त्याच्यावरून खालच्या लोखंडापर्यंत पिवळ्या रंगाची एक रेघ ओढायचो. रेघ फुटली तर नट हलला. ही तपासणी पूर्ण झाल्याची खूण. इथे रंगाचं दुकान बंद, म्हणून मी सूनबाईची लाल नेलपॉलिशची बाटली आणली. पहिल्या नटावर ती टेकवली तेव्हा सर काच वर करून बघत राहिले.

"हे बरंय. गाडीला कुंकू लावालायसा की."

तेव्हापासून आमचा तोच शब्द झाला. याला कुंकू लागलं का? त्याचं कुंकू राहिलं. टॉमसुद्धा "कुंकू" म्हणायला शिकला. त्याला वाटत होतं, हा नेलपॉलिशच्या कंपनीचाच ब्रँड.

मागे बसणाऱ्याच्या पावदानांचे नट मी सोडले होते. मला वाटलं, कशाला. सरांच्या ते लगेच लक्षात आलं.

"हे राहिले."

"मागे कोणी बसणार नाहीये सर."

"म्हणून काय ढिले ठेवायचे?"

मी ते आवळले आणि कुंकू लावलं. मग त्यांनी एकदाच, पाठ माझ्याकडे करून, टूथब्रश धूत सांगितलं. त्यांच्याकडे तरुणपणी अशीच एक गाडी होती. बायकोला मागे बसवून ते गगनबावड्याचा घाट उतरून कोकणात समुद्रावर जायचे. ती गेल्यावर त्यांनी गाडी गल्लीच्या तोंडापर्यंत नेली आणि परत आणली. मग विकून टाकली. "वजन कमी झालं की गाडी वेगळीच वागते. मागची सीट रिकामी ठेवून समुद्रापर्यंत जाता येतंय का, एवढंच बघायचंय मला. एकदा जमलं की बास."

माझ्या घरी मी अजून पलंगाच्या एकाच बाजूला झोपतो, हे मी त्यांना सांगायला हरकत नव्हती, पण सांगितलं नाही.

ऑगस्टमध्ये ब्रेक झाले. टॉमच्या शेतातल्या उतारावर इंजिन बंद ठेवून सर गाडीवरून घरंगळत आले, मी खाली खडूची रेघ ओढून उभा. रेघेच्या अलीकडे गाडी थांबली. त्यांनी रेघ बघितलीच नाही, माझ्या तोंडाकडे बघितलं. मी मान हलवली. मग त्या दिवशी इंजिन सुरू झालं. बऱ्याच लाथा मारल्यावर ते धाडधाड वाजायला लागलं, आणि टॉमने टोपी काढली, थोडा वेळ उभा राहिला आणि गाई बघायला म्हणून निघून गेला. गाई दुसऱ्या बाजूला होत्या.

आता माझ्याकडे येतो.

आमचं घर चांगलं आहे. मुलगा चांगला, सून चांगली. पण त्या वर्षी मुलगा सकाळी खोलीचं दार लावून कॉम्प्युटरवर बसायचा तो संध्याकाळीच बाहेर यायचा. सूनबाई इथल्या हॉस्पिटलमध्ये, ती घरी आली की वरच्या खोलीत वेगळी राहायची. नातवाशी मी मराठीत बोलायचो, तो इथल्या इंग्रजीत उत्तर द्यायचा, "आय'म ग्रँड, आजोबा," आणि गप्पा संपायच्या. कोणी वाईट वागत नव्हतं. माझ्या शब्दावाचून काही अडत नव्हतं, इतकंच. शेडमध्ये अडत होतं. तिथे एक माणूस हेल्मेट घालून माझी वाट बघत उभा असायचा आणि मी नटाला हात लावला की श्वास रोखायचा.

जुलैमध्ये सरांची मुलगी मला वाटेत भेटली होती. म्हणाली, "काका, प्लीज, बाबा तुमचंच ऐकतात. जरा लांबवा ना हे सगळं. या वयात ते पडले तर मी काय करू? हॉस्पिटलला आता सोबतसुद्धा जाता येत नाही." मी म्हणालो, बघतो. तेव्हा लांबवण्यासारखं खरंच खूप काम होतं, खोटं बोलायची वेळ आली नाही.

पण सप्टेंबरात तीच मुलगी घरी आली. दारातूनच म्हणाली, "मी उतारावर त्यांना बघितलं काका. मी लहान असताना बघितले होते तसे दिसत होते. जाऊ द्या त्यांना. मी गाडी घेऊन मागून जाते." मी म्हणालो, शनिवारी शेवटची तपासणी करतो. हे मी कोणाला सांगितलेलं नाही. तिने अडवलं नव्हतं. ती मोटार घेऊन त्या शनिवारी फाटकाशी येऊन थांबली होती.

स्वच्छ ऊन होतं. इथे तसा दिवस मिळत नाही. प्रवासावरची बंदी तेव्हा उठलेली होती. सर बूट घालून आले होते, आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना चपलेशिवाय बघितलं. पाठीवरच्या पिशवीत चिवडा आणि पाण्याची बाटली. मी पुढून सुरुवात केली. एकेक नट, एकेक कुंकू बघत मागे आलो. शेवटचा राहिला होता तो मागच्या ब्रेकच्या दांड्याचा. ब्रेकची प्लेट चाकाबरोबर फिरू नये म्हणून ती फ्रेमला एका दांड्याने धरलेली असते. त्या दांड्याचा बोल्ट सुटला तर चाक जागच्या जागी अडकतं आणि माणूस फेकला जातो. म्हणून तो मी मुद्दाम शेवटी ठेवला होता. टॉर्क रेंच लावला, बोल्ट हवा तितका घट्ट असला की वाजतो तो पाना. तो पूर्ण भार घेऊन कट् असा वाजला. परत लावला, परत कट्. बोल्ट पक्का होता. मी नेलपॉलिशचं झाकण फिरवलं.

वर बघितलं तर भिंतीवर तो खडूचा रस्ता होता. डोक्यात एवढंच आलं की उद्या सकाळी मी कुठे जाऊ.

मी झाकण परत लावलं. "थ्रेड पिचलाय सर. आता धरलाय, पण भरवसा नाही."

सरांनी काच वर केली. "म्हणजे?"

"नवा बोल्ट मागवावा लागेल. आज नको."

टॉम म्हणाला, डब्यात असले पन्नास बोल्ट पडलेत, त्यातला घाला, शी'ज ग्रँड. सर त्याच्याकडे वळून म्हणाले, "नो, टॉम. ही हॅज नॉट पास्ड इट." आणि माझ्याकडे बघून, जराही न कुरकुरता, "तुम्ही म्हणालात म्हणजे झालं. आधी थांबायचं बघा." त्यांनी हेल्मेट काढलं, फाटकाशी जाऊन मुलीला काहीतरी सांगितलं. तिने मोटार बंद केली. आम्ही तिघांनी शेडच्या दारात उभ्याने चिवडा खाल्ला.

बोल्ट मी खरंच मागवला. मला वाटलं, आला की बसवू, एक-दोन आठवड्यांचं खोटं, कोणाचं काय बिघडतंय. तो लवकरच आला. मी पाकीट उघडलं, पिशवी चहाच्या डब्यामागे ठेवली आणि शेडमध्ये जाऊन सांगितलं की कोविडमुळे पोस्ट अडकलंय. सर म्हणाले, बरं, तोवर दिवा बघू. आम्ही दिवा बघितला. उद्या सांगू, परवा सांगू करताना ऑक्टोबर आला आणि पुन्हा बंदी, घरापासून पाच किलोमीटरच्या पुढे जायचं नाही. मला सुटल्यासारखं वाटलं. डिसेंबरात बंदी जरा उठली तेव्हा मी म्हणालो, बर्फ धरू नये म्हणून रस्त्यावर मीठ टाकलंय, ते क्रोम खाईल. नव्या वर्षात इंग्लंडहून येणाऱ्या मालाला कस्टम लागलं, तेव्हा मी म्हणालो, कस्टममध्ये आहे. दर वेळी कारण मला आयतं मिळत गेलं.

तो हिवाळा आम्ही शेडच्या दारात काढला. दोन खुर्च्या लांब लांब, मध्ये थर्मास. सर बोल्टचं तोंडाने विचारत नसत, नुसत्या भुवया उचलायचे. मी मान हलवायचो. मग ते भिंतीवरच्या नकाशात छपरातून गळलेल्या पावसाने पुसलेली एखादी रेघ खडूने परत ओढायचे. खोटं सांगणार नाही, ते माझे चांगले दिवस होते. हेच मला सगळ्यात जास्त लागतं.

मार्चमध्ये कोल्हापूरची बहीण आजारी पडली, तिला बघायला कोणी नव्हतं. सरांना मिळेल त्या विमानाने निघावं लागलं. जायच्या दिवशी ते शेडमध्ये आले, हेल्मेट खुर्चीवर ठेवलं. "हे राहू दे इथंच. बोल्ट आला की बसवून घ्या. दिवाळीपर्यंत येतोय मी." टॅक्सी उभी होती. गाडीवर सगळीकडे लाल ठिपके होते, एक सोडून.

एप्रिलच्या शेवटी बहीण बरी झाली आणि सर आडवे झाले. त्या दिवसांत तिकडे काय चाललं होतं ते सगळ्यांना माहीत आहे. सर गेले, मुलीला जाता आलं नाही. सगळं आटोपल्यावर ती आमच्या दारातल्या गवतात उभी राहून म्हणाली, "बाबा तुमचं फार नाव काढायचे, काका. निदान तुम्ही त्यांना त्या गाडीपासून तरी वाचवलंत." मी म्हणालो, "चहा घेशील?"

त्या उन्हाळ्यात टॉमने मला विचारलं, भावाची गाडी समुद्रावर न्यावी म्हणतो, तुझं काय म्हणणं? मी शेडमध्ये गेलो, जुन्याच बोल्टला रेंच लावला, कट् ऐकलं. आणि म्हणालो, "शी'ज ग्रँड, टॉम." इतकं सोपं होतं. तो लाहिंचला जाऊन संध्याकाळी परत आला. फोनवर फोटो दाखवला. समुद्राच्या कठड्याला लागून गाडी उभी, मागची सीट रिकामी. मी वाकून गाडीवरचे सगळे ठिपके बघितले. एकही फुटला नव्हता.

आता फोनचं सांगायचं राहिलं. टॉमच्या त्या फेरीच्या आधीचा, कोल्हापूरच्या हॉस्पिटलमधून आलेला. मुलीने आदल्या दिवशी सांगून ठेवलं होतं की बाबांना तुमच्याशी बोलायचंय, त्यांना दम लागतो, तुम्हीच बोला. मी सकाळपासून तयार होतो. डब्यामागची पिशवी काढून बोल्ट हातात घेतला होता, म्हणजे मागे फिरता येणार नाही. काय म्हणायचं ते पाठ केलं होतं. फोन वाजला. मागे कोणाचं तरी खोकणं, कसलंतरी यंत्र, आणि मग त्यांचा आवाज, अगदी जवळ.

"पुणेकर. बोल्ट आला काय?"

बोल्ट माझ्या मुठीत गरम झाला होता.

"अजून नाही सर," मी म्हणालो. "कस्टममध्येच आहे."

"असू दे." बराच वेळ नुसता श्वास. "तुम्ही आहात नव्हं तिथं. घाई न्हाई. आला की कुंकू लावून ठेवा."

"लावतो."

"जेवला काय?"

"हो. तुम्ही बोलू नका सर, दम लागतोय."

"मग ठेवतो."

पण त्यांनी फोन ठेवला नाही. बहुतेक त्यांना बटण सापडत नव्हतं, किंवा ठेवायचा नव्हता. त्यांचा श्वास मला ऐकू येत राहिला, एकेक, मोजता यावा इतका सावकाश. तेवढ्या वेळात म्हणता आलं असतं. सर, गाडी पास आहे. सप्टेंबरातच पास होती. मला माफ करा.